तक्त्याची घडी

मी हुशार आहे हे मला दुसऱ्या कोणी सांगायला नको, माझं मीच सांगते. बावीस वर्षं मोठ्या शिशूचा वर्ग सांभाळतेय. पाच वर्षांचं पोर दारातून आत आलं की त्याने पायातले बूट काढायच्या आत मी त्याला ओळखते. कोण रडणार, कोण चावणार, कोण शेजारच्याचं बिस्कीट पळवणार, सगळं नुसत्या चालीवरून सांगते. आणि पहिल्या तासातच त्याला टोपणनाव देऊन मोकळी होते. भोवरा, भोंगा, चिकटपट्टी, आजोबा. हजेरीपटावर आईबापांनी ठेवलेली नावं असतात, पण ती हजेरीपुरती. वर्गात मी ठेवलेलं नाव चालतं.

आता एवढ्या हुशार बाईने स्वतःच्या पोरीला सोडलं असेल का? तिचं नाव मी ठेवलं होतं अर्धी.

ठेवण्यासारखंच होतं हो! दूध प्यायला दिलं की अर्धा पेला टेबलावर. एका पायात मोजा, दुसरा मोजा कुठे ते देवालाच ठाऊक. शर्टाची वरची तीन बटणं लावलेली, खालची तीन मोकळी. पाच गणितं दिली तर दोन सोडवणार आणि तिसऱ्यातल्या आठाला डोळे-नाक काढून त्याचा बाहुला करणार. चार वर्षांची असताना एकदा मी वैतागून 'अगं अर्धे!' म्हणाले आणि तिचा बाबा खो खो हसला. झालं, तेवढं पुरलं. शेजारीपाजारी, मावशी, शाळेतल्या मावशा, सगळ्यांनी ते नाव उचललं. ती त्या नावाला 'ओ' द्यायला लागली. दोन वर्षांत तिचं खरं नाव घरात उच्चारल्याचं मला आठवत नाही.

आता ती साडेसहा वर्षांची, आमच्याच शाळेत पहिलीत. दिवाळं निघालं ते तिथेच. वर्ष संपायला दोन महिने उरले असताना मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे पहिलीच्या बाईंची वही उघडी होती.

"बसा बाई," त्या म्हणाल्या. "सहा महिन्यांच्या नोंदी आहेत. मुलगी हुशार आहे, तोंडी विचारलं की सगळं सांगते. पण एकही काम शेवटपर्यंत जात नाही. सांगितलेलं कानावरून जातं. महिनाअखेरपर्यंत तिला तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवा. कारण कळलं तर आपल्याला काही करता येईल. नाहीतर तिला एक वर्ष खाली बसवण्यावाचून मला दुसरं काही सुचत नाही."

"खाली म्हणजे?"

"मोठ्या शिशूत. तुमच्याच वर्गात."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मॅडम," मी म्हटलं, "मुलांमधली ही असली लक्षणं लवकर कशी ओळखावीत, हा पालकांचा कार्यक्रम या शाळेत नऊ वर्षं कोण घेतं?"

"तुम्हीच घेता."

"मग? माझी मुलगी टेबलावर चढत नाही, कोणाला मारत नाही, मध्ये बोलत नाही. तासभर खिडकीबाहेर बघत बसते. आळशी आहे, दुसरं काही नाही. आळसाला डॉक्टर नसतो."

"शनिवारी तुमचा कार्यक्रम आहेच," त्या वही मिटत म्हणाल्या. "तो होऊ दे, मग बोलू."

खाली बसवणार म्हणे! तिच्या दोन मैत्रिणी दुसरीत जाणार आणि ही माझ्या भोंग्याशेजारी बसून पुन्हा मणी ओवणार. मी त्याच संध्याकाळी कंबर कसली. भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. तासातासाला रंग दिला. सकाळी सातला मी हातात डबा घेऊन शिपायासारखी उभी.

"बूट घाल, दप्तर भर, पाण्याची बाटली घे. एक, दोन, तीन! चल."

पाच मिनिटांनी बघते तर बाईसाहेब दाराशी फतकल मारून बसलेल्या. एक बूट पायात, दुसऱ्या बुटात खोडरबर बसवलेलं, आणि तो बूट फरशीवरून प्रवासाला निघालेला.

"अगं अर्धे! एकदा सांगितलेलं कळत नाही का तुला?"

"कळतं," ती म्हणाली. "मग जातं."

"कुठे जातं?"

तिने खरोखरच विचार केला. कपाळाला आठ्या घालून केला. "माहीत नाही. मी दुसरीकडे बघते तेव्हा जातं."

मी हा किस्सा त्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत नकला करून सांगितला. हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. सहा वर्षांच्या मुलीने आपल्या डोक्यात काय होतं ते इतक्या सरळ शब्दांत सांगितलं आणि मी, बालशिक्षणातली तज्ज्ञ, चहाबरोबर त्याचा विनोद करून खाल्ला.

पुढच्या चार दिवसांत वेळापत्रकाने तिचं काही झालं नाही, माझा घसा मात्र बसला. तिचं रोज सकाळी पोट दुखायला लागलं. मी म्हटलं, नाटकं! मग गुरुवारी गादीची चादर बदलताना गादीखाली तीन वह्या सापडल्या. पहिली दोन पानं सुंदर अक्षरात, मग अर्धं पान, मग कोरं.

"या इथे का लपवल्यास?"

"तू ओरडू नयेस म्हणून."

मी ओरडले. लपवल्या म्हणून ओरडले. हे सांगताना मला माझीच लाज वाटते, पण अर्धवट सांगायचं नाही असं आता ठरवलंय.

तिचा बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायची सवय असल्यामुळे आवाज कधी चढवत नाही. रात्रीची भांडी पुसता पुसता म्हणाला, "लिफ्ट मध्येच थांबते म्हणून आम्ही तिला आळशी म्हणत नाही. झाकण उघडून बघतो."

"माझी मुलगी लिफ्ट नाही."

"तेच म्हणतोय. सोमवारची वेळ घेतलीय डॉक्टरांची. तू ये किंवा नको येऊ."

म्हणे नको येऊ! मी जाणारच होते. त्या डॉक्टरला चार गोष्टी शिकवायला.

आधी शनिवार आला. माझ्या कार्यक्रमाचा मुख्य आधार म्हणजे एक तक्ता. नऊ वर्षांपूर्वी एका प्रशिक्षणात मिळालेला, कापडी, गुंडाळी करून ठेवायचा. तक्ता ऐसपैस आणि आमच्या सभागृहातला फळा अरुंद. खिळेही जवळजवळ. म्हणून पहिल्या वर्षीच मी त्यावर तोडगा काढला होता. तक्त्याची उजवी बाजू मागे दुमडायची आणि कपड्यांचे दोन चिमटे लावायचे. डाव्या बाजूला वर लिहिलेलं 'अतिचंचलता', खाली टेबलावर उभ्या मुलाचं झकास चित्र आणि लक्षणांची यादी. एवढ्यावर माझा तास आरामात निघायचा. चिमटे इतके जुने झाले होते की कापडावर त्यांचे गंजाचे डाग पडले होते.

साठेक पालक जमले होते. मी सुरू झाले की मला थांबवणं कठीण. "जागेवर बसत नाही! रांगेत थांबत नाही! उत्तर प्रश्नाच्या आधी! सारखं चढणं, सारखं पळणं!" प्रत्येक लक्षण मी करून दाखवते. खुर्चीवरसुद्धा चढते. पालक हसतात, लिहून घेतात. अर्धीला मी पालकांना कागद वाटायचं काम दिलं होतं. दोन रांगांना वाटून झाले आणि उरलेला गठ्ठा मांडीवर घेऊन ती मागच्या बाकावर बसली, पंख्याकडे बघत.

शेवटी भोवऱ्याचे वडील उभे राहिले. ते बस चालवतात, गणवेशातच आले होते. दोन वर्षांपूर्वी भोवऱ्याला डॉक्टरांकडे न्या म्हणून मीच त्यांच्या मागे लागले होते.

"बाई, तुमच्यामुळे आमचा पोरगा मार्गाला लागला, तुमचे उपकार आहेत," ते म्हणाले. "पण त्याची मोठी बहीण आहे, नऊ वर्षांची. ती हलत नाही, बोलत नाही. बसलेली असते, पण जागेवर नसते. हाक मारली तरी तिसऱ्यांदा ऐकते. रोज काहीतरी हरवून येते. तिचं काय समजायचं?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. "अहो, शांत मुलगी मिळाली तर नशीब समजा!" सगळे हसले. "थोडी शिस्त लावा. आईबापांनी लक्ष दिलं की मुलांचं लक्ष आपोआप लागतं."

टाळ्या पडल्या. ते "बरं बाई" म्हणून खाली बसले. आपल्या टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. मुख्याध्यापिकाबाई मागे उभ्या होत्या. त्यांनी एकदा मागच्या बाकाकडे बघितलं आणि एकदा माझ्याकडे. मी चिमटे काढले, तक्ता गुंडाळला आणि छान झालं असं स्वतःला म्हटलं.

सोमवारी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत निळ्या खुर्च्या, लाकडी ठोकळ्यांचं खोकं आणि समोरच्या मोठ्या भिंतीवर तक्ता. माझाच तक्ता. तोच मुलगा, तेच टेबल. मी अभिमानाने नवऱ्याला कोपर मारलं. "बघ, इथेही हाच वापरतात."

"पण हा मोठा दिसतोय," तो म्हणाला.

मोठा नव्हता. उघडा होता.

उजव्या बाजूला वर लिहिलं होतं, 'अवधान न टिकणे'. खाली एका मुलीचं चित्र. बाकावर बसलेली, हनुवटी हातावर, पेन्सिल जमिनीवर पडलेली, डोळे खिडकीबाहेर. आणि यादी. समोर बोललं तरी ऐकत नाही असं वाटतं. दोन-तीन कामं एकदम सांगितली की मधलं हरवतं. सुरू केलेलं पुरं होत नाही. वस्तू सारख्या हरवतात. सगळ्यात खाली लहान अक्षरात होतं की ही मुलं कोणाला त्रास देत नाहीत म्हणून लवकर लक्षात येत नाहीत, त्यांत मुली पुष्कळ असतात, आणि त्यांना आळशी किंवा वेंधळं म्हटलं जातं.

मी ते तीनदा वाचलं.

"ही बाजू तू कधी सांगत नाहीस," नवरा म्हणाला.

"फळा लहान आहे आमचा."

नाचता येईना अंगण वाकडं, असं तो म्हणाला असता तर मला भांडता तरी आलं असतं. नऊ वर्षं, दर वर्षी साठ पालक. त्यातल्या कितीजणांच्या घरी खिडकीबाहेर बघणारी मुलगी होती? आणि परवाच एका माणसाने नेमकं तेच विचारलं, तर मी त्याला हसले. आणि माझ्या घरातली? दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवाच मी अर्धा झाकून ठेवला होता.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या. माझ्या पहिल्या तुकडीतली मुलं आता तेवढी असतील. त्यांनी अर्धीला कोपऱ्यातल्या छोट्या टेबलाशी बसवलं, कागद-खडू दिले आणि म्हणाल्या, "तुझं स्वतःचं चित्र काढशील?" मग माझ्याकडे वळल्या. हे कधीपासून आहे? सहा महिन्यांहून जास्त? घरीही आणि शाळेतही? झोप कशी आहे? कान, डोळे तपासलेत? आवडीच्या गोष्टीत मात्र रमते का? वस्तू लपवते का? मी एकेक उत्तर देत गेले. बावीस वर्षांनी परीक्षेला बसले होते आणि सगळी उत्तरं येत होती, हीच तर पंचाईत होती. शिकवायला आणलेल्या चार गोष्टींपैकी एकही मला आठवेना.

तेवढ्यात माझी नजर कोपऱ्यातल्या टेबलाकडे गेली. अर्धीने खडू खाली ठेवले होते. कागदावर मधोमध एक सरळ उभी रेघ आणि तिच्या एकाच बाजूला मुलगी. एक डोळा, एक कान, एक वेणी, अर्धं तोंड, एक हात, एक पाय. दुसरी बाजू कोरी.

सवय वाईट हो! एवढं सगळं वाचून, एवढी उत्तरं देऊनही माझ्या तोंडून निघालंच. "बघा, डॉक्टर! हेच, अगदी हेच. इथेही अर्धं सोडलं! अगं, निदान स्वतःचं चित्र तरी पुरं कर ना!"

डॉक्टरबाईंनी मला हाताने थांबवलं. त्या तिच्याशेजारी जमिनीवर जाऊन बसल्या. "झालं का चित्र?"

"झालं."

"कोण आहे ही?"

"मी."

"आणि या बाजूला?"

अर्धीने त्यांच्याकडे असं बघितलं की जणू डॉक्टरबाईंना जरा कमीच कळतं. "तिथे काही नाहीये. मी अर्धी आहे ना."

ती रडवेली नव्हती, रुसलेली नव्हती. किती वाजले ते सांगावं तसं तिने सांगितलं.

मी तो कागद हातात घेतला. फ्रॉकचा रंग कुठेही रेघेबाहेर गेला नव्हता. एकुलत्या एका हाताला पाच बोटं होती, पाचही बोटांना नखं होती आणि नखं गुलाबी रंगवली होती. तिच्या आयुष्यातलं पहिलं काम तिने सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुरं केलं होतं आणि ते हे होतं.

मी रडले. डोळे टिपले वगैरे नाही, नाक वाहेपर्यंत रडले, शिशूतली पोरं पहिल्या दिवशी रडतात तशी. नवरा रुमाल शोधायला लागला तर त्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर निघाला. अर्धी उठून आली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "आई, रडू नको. तुझं मी पूर्ण काढीन."

डॉक्टरबाईंनी पाण्याचा पेला दिला. "आज मी कुठलाच शिक्का मारणार नाही," त्या म्हणाल्या. "पहिलीच्या बाईंच्या नोंदी आणा, कान-डोळे तपासून घ्या, अजून दोन-तीनदा भेटू. एडीएचडी, म्हणजे बाहेरच्या तक्त्यावरचा तो अवधानाचा त्रास, असेल तर असेल, त्यावर खूप काही करता येतं. शाळेला मी पत्र देते. खाली बसवून उपयोग नाही, खालच्या वर्गालाही खिडकी असतेच. तिला एका वेळी एकच काम सांगा, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. आणि एक आजपासूनच करा. तिला तिच्या नावाने हाक मारा."

दवाखान्यातून निघून आम्ही बसथांब्यावर आलो. अर्धी, म्हणजे माझी मुलगी, चार पावलं पुढे उभी राहून बंद दुकानाच्या शटरवरच्या मुंग्या बघत होती. मी तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारली. ते नाव इथे लिहीत नाही, पुरे झालं मी तिच्या नावाशी खेळणं. पहिल्यांदा तिने ऐकलं नाही. दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा तिने मान वळवली, पण माझ्याकडे नाही. आपल्या मागे कोण उभं आहे ते बघायला.

मागे कोणी नव्हतं. मी तिच्याजवळ गेले, वाकले, डोळ्यांत बघितलं.

"मला?" तिने विचारलं.

"हो, तुलाच. हेच तुझं नाव. ते दुसरं नाव आईने चुकून ठेवलं होतं."

"मग अर्धी कोण?"

"मी," मी म्हटलं. "आईकडे एक मोठा तक्ता आहे ना? नऊ वर्षं आईने त्यातला अर्धाच वाचला."

"अर्धाच?" तिचे डोळे मोठे झाले. "आणि तुला कोणी ओरडलं नाही?"

"नाही गं. टाळ्या वाजवल्या."

ती हसली. हसता हसता तिला उचकी लागली, मग तिच्या बाबालाही हसू आवरेना, आणि आमची बस आली नि निघूनही गेली.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने ड्रिल आणून सभागृहाच्या भिंतीत फळ्याच्या बाहेर दोन नवे खिळे ठोकून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या फाटकात भोवऱ्याच्या वडिलांची वाट बघत उभी राहिले. त्यांना बघितल्यावर काय बोलायचं ते रात्री पाठ केलं होतं, ते सगळं विसरले.

"शनिवारी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं," मी म्हटलं. "तुमची मुलगी आळशी नसेल. तिलाही डॉक्टरांना दाखवा. मी हसायला नको होतं. माझं चुकलं."

ते गोंधळून बघत राहिले. मी बावीस वर्षांत कोणाला असं काही म्हटलेलं त्यांनी ऐकलं नसावं, मीही ऐकलं नव्हतं. "बाई, पण तुम्हाला आता कसं कळलं?" ते म्हणाले.

तेवढ्यात फाटकाच्या आतून, पहिलीच्या रांगेतून, खणखणीत आवाज आला.

"ए अर्धे! माझा डबा कुठाय?"

फाटकातल्या सगळ्या पालकांनी माना वळवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनीही वळवली.

"कोणाला म्हणतेय ती?" भोवऱ्याच्या वडिलांनी विचारलं.

"मला," मी म्हटलं, आणि माझ्या पिशवीत राहिलेला डबा द्यायला आत गेले.